महागडी चॉकलेट बिअर घ्यावी का? घ्यायचीच तर खान्देशात काय बघून घ्यावी

आधी थेट उत्तर. महागडी चॉकलेट बिअर घेण्यासारखी असते, पण लेबलवरच्या ‘चॉकलेट’ या शब्दासाठी नाही. जास्तीचे पैसे मोजायचे ते ताजेपणासाठी आणि भरपूर माल्ट (मोड आणून सुकवलेली बार्ली) घालून केलेल्या भरदार बिअरसाठी. या दोन्ही गोष्टी दुकानात उभ्या उभ्या बऱ्याच अंशी तपासता येतात, आणि आपल्याकडे त्या तपासाव्याच लागतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. काळ्या बिअरला इथे गिऱ्हाईक कमी, त्यामुळे आलेली बाटली फळीवर महिनोन्‌महिने बसून राहते. उन्हाळा काढलेली चॉकलेट स्टाउट (स्टाउट म्हणजे भाजलेल्या माल्टची काळी बिअर) कितीही नामांकित असली तरी पूर्ण किमतीची उरत नाही.

म्हणून आमचा पहिला सल्ला हंगामाचा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंत खरेदी करा. मार्च ते जून या काळात, दुकानात बाटली सतत फ्रिजमध्ये होती याची खात्री नसेल, तर घेऊच नका.

चॉकलेटची चव येते कुठून

पुष्कळ चॉकलेट स्टाउटमध्ये चॉकलेटचा कणही नसतो. बार्ली भिजवून, मोड आणून, सुकवून ती फिरत्या पिंपात २०० अंशांच्या वर भाजली की गडद तपकिरी दाणा तयार होतो. त्यालाच ‘चॉकलेट माल्ट’ म्हणतात, तेही मुख्यतः रंगावरून. असं भाजायचं पिंप लंडनमध्ये डॅनियल व्हीलरने १८१७ साली पेटंट केलं आणि काळ्या बिअरचं रूपच बदललं. कोकोची बी भाजताना, कॉफी भाजताना आणि माल्ट भाजताना साखर व प्रथिनांच्या संयोगातून एकाच कुळातली वासद्रव्यं तयार होतात. त्यामुळे नुसत्या भाजलेल्या बार्लीतूनही कडसर चॉकलेटचा भास होतो, आणि तो भास खोटा नसतो.

अमेरिकेतली ब्रुकलिन ब्लॅक चॉकलेट स्टाउट हे याचं उत्तम उदाहरण. मद्यार्क १० टक्के, नावात चॉकलेट, आणि आत फक्त माल्टची करामत. याउलट इंग्लंडची यंग्ज डबल चॉकलेट स्टाउट ५.२ टक्क्यांची आहे. तिच्यात चॉकलेट माल्टबरोबर खरं डार्क चॉकलेट आणि चॉकलेटचा अर्कही असतो. दोन्ही चांगल्या बिअर आहेत, पण ग्लासात पूर्णपणे वेगळ्या. पहिली जड, कडू, हळूहळू घ्यायची. दुसरी मऊ, गोडसर, जेवणानंतरची.

खरा कोको घालतात तो बहुधा निब्सच्या रूपात, म्हणजे भाजून फोडलेली कोकोची बी. आंबवण संपत आल्यावर लिटरला साधारण ५ ते १० ग्रॅम निब्स टाकून काही दिवस ठेवतात. निब्समध्ये निम्म्याच्या वर चरबी असते आणि चरबी बिअरचा फेस मारते, म्हणून मात्रा वाढवायला मर्यादा येते. कोको पावडरमध्ये चरबी कमी, पण ती तळाशी गाळ करते. उरलेले उत्पादक एसेन्स वापरतात. चांगल्या अर्काचा वापर हा काही गुन्हा नाही, मात्र नुसत्या एसेन्सवर उभी केलेली बिअर लगेच कळते. नाकाशी नेल्यावर गोळी-चॉकलेटचा भपकारा येतो आणि घोट गिळल्यावर मागे काहीच राहत नाही.

जास्तीचे पैसे नेमके कशाचे

एक हिशेब करून बघा. लिटरला ८ ग्रॅम निब्स धरले तर ३३० मिलीच्या पाइंटमध्ये सुमारे २.६ ग्रॅम येतात. निब्स किलोला १५०० रुपये धरा, म्हणजे एका पाइंटमधला कोको झाला चार रुपयांचा. २०२४ साली जगभर कोकोचे भाव भडकून डिसेंबरमध्ये टनाला १२,००० डॉलरच्या वर गेले होते. तसे भाव धरले तरी पाइंटमागे दोन-चार रुपयांचाच फरक पडतो. साध्या पाइंटपेक्षा दोनशे-तीनशे रुपये जास्त लावणारी बाटली ते पैसे कोकोचे घेत नाही.

ते पैसे जातात कर, वाहतूक, जाड काच आणि माल्टमध्ये. आयात बिअरवर भारतात बराच काळ ११० टक्के सीमाशुल्क होतं, त्यावर राज्याचे कर. युरोपातून समुद्रमार्गे कंटेनरमध्ये येणारी बाटली मुंबईच्या बंदरात उतरते, गोदामात थांबते, मग ट्रकने कसारा घाट चढून नाशिक-धुळ्याकडे येते. या प्रवासाने चवीत भर पडत नाही, घटच होते. खरी मोलाची जास्तीची किंमत माल्टची. ८ टक्क्यांच्या स्टाउटला ५ टक्क्यांच्या बिअरपेक्षा खूप जास्त धान्य लागतं, आंबवायला आणि मुरायला वेळ जास्त लागतो, आणि ते तोंडात जाणवतं.

इथे एक भारतीय नियम लक्षात ठेवा. आपल्या अन्न सुरक्षा मानकांत ५ टक्क्यांपर्यंतची बिअर ‘माइल्ड’ आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंतची ‘स्ट्राँग’. त्यापुढे बिअरचं मानकच नाही. त्यामुळे परदेशात नावाजलेल्या १०-१२ टक्क्यांच्या इम्पीरियल स्टाउट आपल्या बिअर शॉपीत शोधत बसू नका. कुणी तशी बाटली ‘खास माल’ म्हणून देऊ केली, तर ती कुठल्या वाटेने आली हे आधी विचारा आणि आयातदाराचा शिक्का नसेल तर घेऊ नका.

दुकानातल्या दोन बाटल्यांची तुलना करताना नेहमी १०० मिलीचा भाव काढा. समजा, ३३० मिलीचा पाइंट ४२० रुपयांना आणि ५०० मिलीचा टिन ४८० रुपयांना आहे. पहिल्याचा भाव पडतो १२७ रुपये, दुसऱ्याचा ९६. फळीवर बघताना पाइंट स्वस्त वाटतो, हिशेबात महाग निघतो.

दुकानात बाटली कशी तपासावी

खान्देशातल्या बहुतेक बिअर शॉपीत मांडणी ठरलेली असते. खपाच्या स्ट्राँग बिअर फ्रिजमध्ये, आणि महागड्या बाटल्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली, गिऱ्हाइकाला दिसतील अशा. नेमकी हीच जागा सगळ्यात वाईट. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छपराखाली वरची फळी खालच्यापेक्षा चांगलीच तापते, आणि ट्यूबच्या उजेडाने हॉप्समधली, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधली, द्रव्यं फुटून बिअरला उग्र, कुबट वास येतो. तपकिरी काच बराच उजेड अडवते, हिरवी कमी आणि पारदर्शक जवळपास नाहीच. टिनमध्ये उजेडाचा प्रश्नच येत नाही. म्हणून एकच बिअर बाटलीत आणि टिनमध्ये दोन्हीत मिळत असेल तर टिन घ्या.

बाटली मागताना दुकानदाराला सरळ विचारा, “भाऊ, ही पेटी कधी आली? आल्यापासून फ्रिजमध्ये आहे का बाहेर?” ज्याचं दुकान नीट चालतं तो खरं सांगतो. वरच्या फळीवरचीच काढून ‘आत्ता थंड करून देतो’ म्हणाला, तर ती नको. आयुष्यभर गरम राहिलेली बिअर अर्धा तास थंड केल्याने सुधारत नाही. आणि थंड करण्याचे म्हणून एमआरपीच्या वर पैसे मागितले तर देऊ नका, दुकानातल्या विक्रीत तो आकार लावता येत नाही.

मग तारीख. भारतात भरलेल्या बिअरवर उत्पादनाची तारीख स्पष्ट असते. चॉकलेट स्टाउट भरल्यापासून तीन-चार महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम, सहा महिन्यांपर्यंत चालेल. आयात बाटलीवर दोन तारखा बघायच्या. एक कंपनीने काचेवर किंवा मूळ लेबलवर छापलेली, दुसरी आयातदाराच्या पांढऱ्या स्टिकरवर. दोन्ही जुळल्या पाहिजेत. स्टिकर नेमकं मूळ तारखेवर चिकटवलेलं असेल तर दुसरी बाटली मागा. अमेरिकन बाटलीवर आधी महिना आणि मग दिवस लिहितात, हेही ध्यानात ठेवा. ०५/११ म्हणजे ११ मे असू शकतं. परदेशी बिअरला बहुधा वर्षभराची मुदत दिलेली असते. तिच्यातले चार-पाच महिने तरी शिल्लक असावेत.

तारीख पटली की बाटली हातात घ्या. झाकणाच्या कडेला गंज किंवा चिकट ओघळ असेल तर ती गळलेली आहे. दोन सारख्या बाटल्या शेजारी धरून भरण्याची पातळी बघा, एक बोटभर खाली असेल तर हवा आत गेली आहे. मग मोबाइलचा टॉर्च मागून लावून बाटली हळूच तिरकी करा. काळ्या बिअरमध्ये आतलं दिसत नाही, पण मानेतला पातळ थर उजळतो. तिथे कापसाच्या तुसांसारखं काही तरंगताना दिसलं तर ती जुनी झाली आहे. तळाशी बारीक, बसलेला गाळ असेल तर घाबरू नका. बाटलीतच आंबवलेल्या बिअरला यीस्टचा थर असतोच.

शेवटी घटक वाचा. ‘कोको निब्स’, ‘कोको’ किंवा ‘डार्क चॉकलेट’ लिहिलं असेल तर खरा कोको आहे. नुसतं ‘चॉकलेट माल्ट’ असेल तर भाजलेली बार्ली, आणि तीही पैशाला पुरेपूर असू शकते. ‘आर्टिफिशियल फ्लेवर’ किंवा ‘नेचर आयडेंटिकल फ्लेवर’ हेच शब्द असतील आणि कोकोचा उल्लेखच नसेल, तर साध्या बिअरपेक्षा जास्त एक रुपयाही देऊ नये असं आमचं स्पष्ट मत. ‘लॅक्टोज’ दिसलं तर दुधाची साखर घातली आहे. बिअरचं यीस्ट ती खाऊ शकत नाही, त्यामुळे गोडवा तसाच राहतो आणि बिअर मिल्कशेकच्या वाटेने जाते. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी हा शब्द अगदी शोधून बघावा, पोट बिघडेल.

घरी आणणं आणि ठेवणं

ब्रूअरीतल्या लोकांचा एक ठोकताळा आहे, ३-३०-३००. बिअर ३२ अंशांवर ३ दिवसांत जेवढी उतरते तेवढी २२ अंशांवर ३० दिवसांत आणि ३ अंशांवर ३०० दिवसांत. गडद, जोरकस बिअर थोडी जास्त तग धरते, पण दिशा तीच. चॉकलेट बिअरमध्ये सगळ्यात आधी उडतो तो कोको आणि व्हॅनिलाचा वास. म्हणजे ज्यासाठी जास्त पैसे दिले तेच पहिल्यांदा जातं आणि मागे नुसता कडवटपणा उरतो.

नाशिक किंवा पुण्याहून बाटल्या आणत असाल तर थर्माकोलचा डबा आणि गोठवलेल्या पाण्याच्या दोन लिटरभर बाटल्या पुरतात. बिअर वर्तमानपत्रात गुंडाळून, उभी, बर्फाच्या बाटलीला थेट न टेकता ठेवा. डबा डिकीत नको, सीटखाली एसीच्या झोतात ठेवा. उन्हात उभ्या गाडीची डिकी ६० अंशांच्या वर जाऊ शकते. चाळीसगाव किंवा धुळ्याला जेवायला थांबलात तरी डबा सावलीत घ्या.

घरात बाटली फ्रिजच्या दारात ठेवू नका. दार दिवसातून वीस वेळा उघडतं आणि बाटली दरवेळी हलते, तापते. खालच्या फळीवर, मागच्या बाजूला, उभी ठेवा. आडवी ठेवली तर हवेशी येणारा पृष्ठभाग वाढतो आणि गाळ बाजूला चिकटतो. दुपारी वीज गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज तीन-चार तास सहज तग धरतो.

सीमेवरच्या लोकांसाठी दोन ओळी महत्त्वाच्या. शिरपूरहून सेंधवा आणि रावेरहून बऱ्हाणपूर जवळ आहे म्हणून मध्य प्रदेशातून बाटल्या आणणं हा महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा ठरतो, कारण इथलं उत्पादन शुल्क भरलेलं नसतं. नंदुरबार-नवापूरकडच्यांनी तर जास्त जपावं. नवापूर स्टेशनाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, आणि पलीकडे दारूबंदी आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं, आणि पिण्याचा परवाना काढून ठेवावा. घरी बिअर आंबवणं परवान्याशिवाय चालत नाही, म्हणून ती कृती इथे दिलेली नाही.

उघडायची कशी, किती थंड

पैसे वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ही बिअर लागरसारखी, म्हणजे नेहमीच्या फिक्या बिअरसारखी, बर्फगार पिणं. ४ अंशांवर जीभ बधिर होते, वास बाटलीतच राहतो, आणि हाती लागतो तो फक्त कडूपणा आणि फेस. ५-६ टक्क्यांची चॉकलेट स्टाउट १० ते १२ अंशांवर खुलते, ८ टक्क्यांची १३-१४ वर.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. फ्रिजमधून काढलेला ३३० मिलीचा पाइंट ४० अंशांच्या मे महिन्यातल्या खोलीत साधारण पंधरा मिनिटांत १२ अंशांवर येतो. पंखा-कूलर चालू असलेल्या २४-२५ अंशांच्या खोलीत अर्धा तास लागतो. जानेवारीत रात्री गच्चीवर बसणार असाल तर फ्रिजची गरजच नाही. धुळ्याची थंडी अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरते, बाटली संध्याकाळपासून बाहेर ठेवली की पुरे. काही झालं तरी ग्लासात बर्फ टाकू नका.

ग्लास साबणाने धुतला असेल तर स्वच्छ पाण्याने तीनदा खळबळून घ्या, साबणाचा अंश फेस खातो. ग्लास ४५ अंशांत तिरका धरून अर्ध्यापर्यंत हळू ओता, मग सरळ करून मधोमध सोडा, म्हणजे दोन बोटं फेस येईल. चांगल्या स्टाउटचा फेस पांढरा नसतो, तो खाकी-बदामी असतो आणि ग्लासाच्या कडेला जाळी सोडत खाली उतरतो. खरा कोको जास्त असेल तर फेस लवकर बसतो, ते दोषाचं लक्षण नव्हे. तळाशी गाळ असेल तर शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवा.

लगेच एक घोट घ्या आणि ग्लास दहा मिनिटं बाजूला ठेवा. मग पुन्हा वास घ्या. भाजलेली बार्ली आधी कळते, कोको नंतर वर येतो, आणि ग्लास हातात तापल्यावर काळ्या मनुकांसारखी छटा दिसते. ही पायरी चुकवली तर किंमत पटली की नाही हे ठरवताच येणार नाही.

पहिल्या घोटात ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर बिअर हवा आणि उष्णतेने शिळी झाली आहे. सोया सॉससारखी खारट, मांसल चव म्हणजे जुनी बाटली, यीस्ट मरून फुटलं आहे. लोण्याचा वास आणि जिभेवर तेलकटपणा हा आंबवण घाईने उरकल्याचा दोष. आंबूस असेल आणि लेबलवर ‘सावर’ (मुद्दाम आंबट केलेली बिअर) लिहिलेलं नसेल तर जिवाणू शिरले आहेत. झाकण उघडताच कारंजं उडालं तर बाटली तापलेली, हललेली तरी आहे, नाहीतर आत पुन्हा आंबवण झालेलं आहे.

जास्तीची किंमत तुमच्या जिभेला कळते का

हे ठरवायला एक साधी, विश्वासार्ह चाचणी आहे. एक महागडी चॉकलेट स्टाउट आणि एक साधी भारतीय स्टाउट घ्या, सिंबा स्टाउटसारखी. दोन्ही एकाच तापमानाला आणा. सहा जण जमवा आणि प्रत्येकासमोर तीन स्टीलचे पेले ठेवा. स्टील यासाठी की रंग आणि फेस दिसू नये. तिन्हींत ३० मिली बिअर, दोन पेल्यांत एकच आणि तिसऱ्यात दुसरी. तिघांना महागडी दोन पेल्यांत द्या, तिघांना साधी दोन पेल्यांत. म्हणजे प्रत्येक बिअर २७० मिली लागते आणि एकेक पाइंट पुरतो. ओतणारा माणूस वेगळा हवा, त्याने पेल्यांखाली चिठ्ठ्या लावाव्यात आणि तोंडावर काही दाखवू नये.

प्रत्येकाने एवढंच सांगायचं की वेगळा पेला कोणता. नुसत्या अंदाजाने सहापैकी दोघांचं बरोबर येईल. पाच किंवा सहा जणांचं बरोबर आलं तर फरक खरा आहे. चारांवर थांबलं तर ठाम काही म्हणता येत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. फरक कळला तरच पुढचा प्रश्न विचारा की जास्त आवडली कोणती. आधी आवड विचारली की लोक महागड्या बाटलीचा तर्क करत बसतात.

जेवणाबरोबर

थंडीतली भरीत पार्टी हे या बिअरचं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं निमित्त. बामणोदची हिरवी-पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली की त्यात जो धुराचा वास उतरतो, तो भाजलेल्या माल्टशी सुरेख जुळतो. फक्त त्या दिवशी मिरची निम्मी करा. मद्यार्क, फेसाचा वायू आणि भाजका कडूपणा हे तिन्ही तिखटाची आग वाढवतात. ठेच्यासोबत तर चॉकलेट स्टाउट अगदीच फुकट जाते, जीभ भाजल्यावर कोको कुठून कळणार?

काळ्या मसाल्याचं मटण चालतं, विशेषतः गोडसर, लॅक्टोजच्या स्टाउटबरोबर. दगडफूल, लवंग आणि भाजलेलं खोबरं यांची तिच्याशी संगत जमते. शेवभाजीची तर्री मात्र ओठांवर तेलाचा थर सोडते आणि फेस पाहता पाहता मरतो. आधी बिअर, मग शेवभाजी असा क्रम ठेवा. गोडाचा नियम एकच, पदार्थ बिअरपेक्षा गोड नको. पुरणाच्या मांड्यासोबत कडसर स्टाउट आंबट आणि पाणचट लागते. सगळ्यात सोपी आणि स्वस्त जोडी म्हणजे रावेर-यावलकडच्या केळीचे खारे वेफर्स. मीठ कडूपणा दाबतं आणि कोको पुढे आणतं.

परिमाणही ध्यानात असू द्या. ५.२ टक्क्यांच्या पाइंटमध्ये सुमारे १३.५ ग्रॅम मद्यार्क असतो, ८ टक्क्यांच्या पाइंटमध्ये जवळपास २१ ग्रॅम. गोडसरपणामुळे तो जाणवत नाही. ८ टक्क्यांची बाटली दोघा-तिघांत वाटून घेण्याची आहे आणि नंतर गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची आहे.

कमी पैशात तीच चव

दोन मार्ग आहेत. पहिला अगदी सोपा. साधी स्टाउट १२ अंशांवर आणा आणि ७० टक्क्यांच्या डार्क चॉकलेटचा एक तुकडा जिभेवर विरघळायला लागला की घोट घ्या. पुष्कळ महागड्या बाटल्यांपेक्षा हे सरस लागतं, आणि आमच्या मते ज्याने चॉकलेट बिअर कधी घेतलेली नाही त्याने सुरुवात इथूनच करावी.

दुसरा मार्ग कोकोच्या अर्काचा. २० ग्रॅम निब्स घ्या. आपल्याकडचा कोको केरळ, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूतून येतो आणि निब्स ऑनलाइन सहज मिळतात. कच्चे असतील तर जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, केकचा वास सुटेपर्यंत हलवत भाजा. कच्चे वापरले तर अर्क आंबट होतो, करपले तर राखेसारखा लागतो. गार झाल्यावर काचेच्या बरणीत १०० मिली साध्या व्होडकात घालून पाच दिवस अंधारात ठेवा, रोज एकदा हलवा. आठवड्याच्या पुढे ठेवलं तर तुरटपणा उतरतो. मग कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा, कपड्यातून गाळलं तर गढूळ राहतं. गाळलेला अर्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला की वर चरबीचा पांढरट पापुद्रा जमतो. तो पापुद्रा काढून पुन्हा एकदा गाळा. चरबी राहिली की फेस गेलाच.

ग्लासात आधी अर्क, वरून स्टाउट. १०० मिलीला दहा थेंब, म्हणजे सुमारे अर्धा मिली, इथून सुरुवात करा आणि हवं तर पाच-पाच थेंबांनी वाढवा. वीस थेंबांपुढे व्होडकाचीच चव लागते. हा अर्क स्ट्राँग लागरमध्ये घालून काही साधत नाही, मागे भाजलेल्या माल्टचा आधार नसेल तर कोको तरंगत राहतो. आणि कोको पावडर किंवा चॉकलेट सिरप थेट बाटलीत कधीही टाकू नका. पावडरच्या प्रत्येक कणावर वायूचा बुडबुडा धरतो आणि अर्धी बाटली फेस होऊन टेबलावर सांडते. अर्काची बरणी घट्ट झाकून अंधारात ठेवली तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकते. बरणीवर तारीख मात्र लिहून ठेवा.